गॅलरीत कोणी जायचं

शनिवार, १ मार्च

आई आली. दोन बॅगा आणि एक उशी. "उशी कशाला वाहून आणलीस?" म्हटलं, तर म्हणाली, "परक्या उशीवर माझी मान माझं ऐकत नाही." मी मासोळीला तिच्या भाषेत सांगितलं की आईला आपल्या जुन्या वस्तूंचा लळा आहे. 'परक्या' हा शब्द आल्या आल्या कशाला सांगायचा?

मासोळी म्हणजे बायको. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवते, म्हणून मीच हे नाव ठेवलंय. केसांना कायम क्लोरीनचा वास.

ठरलंय ते असं. आई महिनाभर राहून बघणार. तिच्या भाड्याच्या दोन खोल्या ठेवायच्या की सोडायच्या, ते घरमालकाला महिनाअखेर कळवायचंय. सोडल्या तर ती कायमची आमच्याकडे. नाहीतर पुन्हा एकटी, त्याच जिन्यावर, जिथे मागच्या थंडीत ती पडली आणि शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मला ती इथे हवी आहे. दुसरं काही नको.

अडचण एकच. आईला फक्त आमची भाषा येते, मासोळीला फक्त तिची. लग्नापासून मी "शिकवतो, शिकवतो" म्हणतोय आणि शिकवणं राहूनच गेलं. पण मी आहे ना मधे. मला दोन्ही येतात. बिघडतं कुठे?

रविवार, २ मार्च

दुपारी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर खेळ, मासोळीच्या भाषेत; मित्रांनाही तीच येते. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होती. तिला समजावलं: मी गोष्ट सांगतो, म्हणजे मी सूत्रधार. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, काय करणार ते सांगतात आणि जमतं की नाही ते फासे ठरवतात. आमचा दंतवैद्य मित्र हा अंगापिंडाने थोराड योद्धा (प्रत्यक्षात त्याला वरच्या फळीवरचं काढायला स्टूल लागतं). कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक, आमचा भट्टीवाला, हा चोर. मासोळी जादूगारीण. "आणि हे कोण जिंकतं?" आईने विचारलं. कोणीच नाही म्हटल्यावर तिचा रस संपला असावा; पण ती उठली नाही.

खेळ संपल्यावर दंतवैद्याने मला टोचलंच. "तीन वर्षं तुझ्या जगात हिंडतोय. राक्षस भेटले, बोलणारे बेडूक भेटले, एक झाड भेटलं. सगळे आपलीच भाषा बोलतात, तीही अगदी शुद्ध. एकदा तरी कुठे अडलो का आपण?"

मला ते लागलं, कारण खरं आहे. खेळात सगळ्यांना येणारी एक 'सामायिक बोली' ठेवली की सूत्रधाराचं काम सोपं होतं. जग मात्र सपाट होतं. पुढच्या खेपेस त्यांना डोंगरात नेतो. तिथे सामायिक बोली कोणालाच येणार नाही.

बुधवार, ५ मार्च

नियम ठरला. डोंगरातल्या लोकांची भाषा फक्त भट्टीवाल्याच्या चोराला येते. त्याने ती सुरुवातीलाच उगीच म्हणून निवडून ठेवली होती. डोंगरातलं कोणी बोलायला लागलं की बाकीच्यांनी गॅलरीत जायचं आणि काचेचं दार लावून घ्यायचं. मी भट्टीवाल्याशी बोलणार. मग तो दार उघडून बाकीच्यांना त्याच्या शब्दांत सांगणार. जे त्याने सांगितलं तेवढंच त्यांना माहीत.

मासोळीने विचारलं, जादूगारिणीला सगळ्या भाषा समजण्याचा मंत्र मिळेल का? म्हटलं, नाही, मग मजा काय राहिली. "मग खऱ्यातला तरी दे," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

रात्रीचं जेवण. आई घास घेऊन थांबली. "हिच्याकडे मीठ मिळत नाही का रे?" मासोळीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई म्हणते, जेवण हलकं आहे, पोटाला बरं वाटतंय." मासोळीचा चेहरा असा खुलला की मलाच समाधान वाटलं. एका वाक्यात दोघींचं काम झालं.

शुक्रवार, ७ मार्च

काम झालं ते भलतंच. मासोळीने आज मीठ घातलंच नाही. आईंच्या पोटाला बरं पडतं म्हणून. स्वतःही तेच गिळतेय. आई मला म्हणाली, "परवा तू तिला सांगितलंस ना?" सांगितलं, म्हटलं. "मग मुद्दाम करते म्हणायची." मी मिठाची पुडी खिशात ठेवायला लागलोय. मासोळी पाणी आणायला उठली की आईच्या ताटात चिमूटभर. आईला वाटतं, मी सुनेची चूक झाकतोय.

रविवार, ९ मार्च

खेळ झकास! डोंगराच्या दारात पहारेकऱ्यांनी अडवलं. बाकीचे दोघे गॅलरीत, नाकं काचेला लावून. मी पहारेकरी झालो आणि भट्टीवाल्याला बजावलं: तुमच्यापैकी एकाला इथे ओलीस ठेवा, नाहीतर मागे फिरा, सूर्य मावळेपर्यंत निर्णय सांगा.

भट्टीवाल्याने दार उघडलं आणि हसून म्हणाला, "ते म्हणतात, दमला असाल, आज इथेच टेका." दंतवैद्याने खूश होऊन योद्ध्याला झोपवलं. सूत्रधाराला मधे बोलता येत नाही. मी जीभ चावून गप्प बसलो.

मंगळवार, ११ मार्च

मोठ्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक बाई. लिफ्टच्या फोनवरून मी नेहमीचं सांगितलं: "घाबरू नका, दोन मिनिटांत उघडतो." आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात पहिली दुरुस्ती माणसाची करायची असते, लिफ्टची नंतर. दोर अडकला होता, बराच वेळ गेला. ती दर थोड्या वेळाने विचारायची, मी दर वेळी दोन मिनिटं म्हणायचो. दार उघडलं तर बाई दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन तशीच उभी. बोटं पांढरी पडलेली. "अहो, खाली ठेवायच्या की!" म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लिफ्ट बंद पाडली होती. आभार तर सोडाच. चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत.

रविवार, १६ मार्च

सूर्य मावळला आणि मी तिघांनाही कैदेत टाकलं. दंतवैद्याला खरी गोष्ट कळली तेव्हा तो खुर्चीवरून उठला. "तू आम्हाला सांगायला हवं होतंस!"

"सांगितलं असतं तर तू कुऱ्हाड काढली असतीस," भट्टीवाला म्हणाला. "मी मधल्यामधे निस्तरणार होतो."

"आमच्याबद्दल ठरवणारा तू कोण?"

मासोळी शांतपणे म्हणाली, "कदाचित मी ओलीस राहिले असते. मला कोणी विचारलंच नाही."

भट्टीवाला फणकारून गेला. चूक त्याचीच. दोघांच्या मधे उभा राहणाऱ्याने निरोप पोचवावा, शहाणपणा करू नये. एवढंसं कळू नये माणसाला?

संध्याकाळी आईला हा किस्सा रंगवून सांगितला. आईने तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, हेडफोन लावून एकाची लाइन दुसऱ्याला जोडून देत. ती म्हणाली, "आमच्याकडे असं केलं असतं तर नोकरी गेली असती. लाइन जोडून दिली की आपण कान काढून घ्यायचा." आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, "हो ना, तेच तर." ती अजून बघत होती. मग म्हणाली, "खिडकी लाव."

खिडकीचा वेगळाच घोळ आहे. मासोळीला ती उघडी लागते. आईला वारा सोसत नाही. आईला सांगितलंय की डॉक्टरांनी मासोळीला मोकळी हवा सांगितली आहे. मासोळीला सांगितलंय की आईला वारा आवडतो. दोघी कुडकुडतात, पण भांडत नाहीत.

बुधवार, १९ मार्च

मासोळी म्हणाली, "आज आईंना सरळ विचार. त्यांना इथे राहायचंय का? आणि माझं काय खटकतं, तेही विचार. एक तरी गोष्ट असेलच."

विचारलं. आई बराच वेळ बोलली. मी हिला नकोशी झालेय हे दिसतंय, मीठ मागून मिळत नाही, वाऱ्यात बसवून ठेवते, तोंडावर हसते. पोरीचा राग नाही, तिचं घर आहे. मी महिनाअखेर माझ्या खोल्यांत परत जाते. एवढं सगळं.

मासोळी वाट बघत होती. मी म्हटलं, "आई म्हणते, तिला काहीच खटकत नाही. खूप सुखात आहे."

"एवढं लांब बोलल्या आणि इतकंच?"

"आमची भाषा जरा पसरट आहे."

खरं सांगितलं असतं तर मासोळी दुखावली असती, मग ती काही बोलली असती, ते मला आईला सांगावं लागलं असतं. आग लावायची कशाला? अजून थोडे दिवस हातात आहेत. मी निस्तरेन.

रविवार, २३ मार्च

भट्टीवाला आला नाही. भट्टी बिघडली म्हणे, रुसलाय. त्याच्याशिवाय डोंगरातली भाषा कोणालाच येत नाही. कैदेतून सुटून दोघं आतल्या दारापाशी पोचलेली, खेळ तिथेच ठप्प. मी म्हटलं, आजच्या दिवस सामायिक बोली चालवू. दंतवैद्य ओरडला, "खबरदार!"

मासोळीने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आईंना बसव. डोंगरातल्या लोकांना आपलं कळत नाही, आपल्याला त्यांचं कळत नाही. आणखी काय हवं?"

मी आईला समजावलं, "तू दाराची राखणदार म्हातारी. यांना पलीकडे जायचंय. मनात एक गोष्ट धर. ती त्यांनी दिली तर दार उघड."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर बिचारे तिथेच मरतील."

"बरं," आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. आल्यापासून इतकी खूश ती मला दिसली नव्हती.

मग मासोळी मला म्हणाली, "आता तू गॅलरीत जा."

"मी सूत्रधार आहे!"

"तुला दोन्ही भाषा येतात. या दारापाशी एकाही माणसाला दोन्ही यायला नकोत. नियम तुझाच."

दंतवैद्याने मला बाहेर ढकलून काचेचं दार लावलं. खरं सांगतो, मला काळजी वाटत होती. माझ्याशिवाय काय करणार ही मंडळी? आवाज ऐकू येत नव्हता, पण दिसत सगळं होतं. दंतवैद्याने नाणी पुढे केली. आईने ढकलून दिली. मासोळीने शाल काढून दिली. आईने ती पांघरली, पण मान हलवून नाहीच म्हटलं. मग आई उठून स्वयंपाकघरात गेली. दुपारच्या जेवणाचं पातेलं घेऊन आली, एक चमचा मासोळीसमोर धरला आणि असं काही तोंड केलं की दंतवैद्य पोट धरून हसला. मग तिने मिठाची बरणी आणून टेबलावर आपटली.

मासोळीने चमचा चाखला. बरणीकडे बघितलं. आईकडे बोट, पातेल्याकडे बोट, बरणीकडे बोट. आईने जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मासोळीने कपाळावर हात मारला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तिनेही तेच वाकडं तोंड केलं. मग दोघी वळून गॅलरीकडे बघायला लागल्या. बराच वेळ. मी हात हलवला.

खेळ रंगला म्हणायचा! दार उघडल्यावर मासोळीने विचारलं, "म्हातारीला काय हवं होतं, माहितीये? मीठ." मी म्हटलं, "वा, आईला छान सुचलं." ती बरणी उचलून आत गेली. माझ्या मनात जरा चलबिचल झाली; पण कळलं असतं तर ती बोलली असतीच.

मंगळवार, २५ मार्च

जेवणात मीठ आहे, बेताचं. कोणी ताकास तूर लागू देत नाही. खिडकी एका बाजूने लावलेली आणि आईची खुर्ची लावलेल्या बाजूला सरकवलेली. मी सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं?

बुधवार, २६ मार्च

दुपारी लवकर सुटलो, घरी कोणी नाही. तलावावर गेलो तर आई बाकावर, गळ्यात मासोळीची शिट्टी. एक पोरगं पाण्याच्या कडेने पळायला लागलं तशी आईने शिट्टी फुंकली. ते जागच्या जागी थिजलं. मासोळीने पाण्यातूनच हात वर करून आईला शाबासकी दिली. मी पलीकडे उभा होतो. दोघींपैकी कोणी बघितलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडं वाईटही वाटलं. माझ्याकडे आता कोणी काही सांगायला येत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

संपलं. कामावरून आलो तर दोघी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी. आईचं बोट शेवटच्या तारखेवर. मासोळी डोळे पुसत होती. आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. म्हणजे आईने खुणांनी का होईना सांगून टाकलं की ती जाणार. मी जे ओठांवर येऊ दिलं नाही ते बोटाने सांगितलं. महिनाभर दोघींना जपलं आणि शेवटी हे.

शनिवार, २९ मार्च

आईने लहान बॅग भरलीये. मोठी कपाटावरच आहे; ती मागाहून नेईल बहुधा. मासोळीचीही एक बॅग बाहेर दिसतेय, आईला जास्तीची लागत असावी. उशी मात्र पलंगावर तशीच. आठवण करायला हवी, नाहीतर तिकडे जाऊन मान अवघडेल.

उद्या मी आईपुढे हात जोडणार आहे. आणि मासोळीपुढेही. काय बोलायचं ते दोन्ही भाषांत पाठ केलंय. दोन्हीत थोडं वेगळं आहे.

रविवार, ३० मार्च

भट्टीवाला परत आला. आल्या आल्या दंतवैद्याला म्हणाला, "माझं चुकलं. सांगायला हवं होतं." दंतवैद्य म्हणाला, "मी कुऱ्हाड काढलीच असती म्हणा." मिटलं! दोन वाक्यांत. मंडळी डोंगरापार गेली आणि घरी गेली.

मग मी घसा खाकरला. "आई, मला तुझ्याशी..."

"थांब," आई म्हणाली. तिने मासोळीकडे बघितलं. मासोळीने काचेच्या दाराकडे बोट दाखवलं.

"अगं, पण खेळ संपला ना!"

"गॅलरीत," आई म्हणाली. "तुला ही भाषा येत नाही."

गेलो. त्या दोघी टेबलापाशी बसल्या. हात हलत होते, मधेच एखादा शब्द. आईला मासोळीच्या भाषेतले काही शब्द आता येतात, मासोळीला आमचे. मला ओठांवरून ओळखता आले नाहीत. एकदा आई हसली, मग मासोळी. माझ्यावरच हसत असाव्यात. मी तिथे उभा राहिलो आणि मला भट्टीवाला आठवला. त्याच्याबद्दल इथेच काय लिहिलंय, तेही आठवलं. कान गरम झाले.

मला आत घेतलं. आई आमच्या भाषेत म्हणाली, "उद्या सकाळी आम्ही दोघी जाऊन खोल्या रिकाम्या करतो आणि किल्ल्या देऊन येतो. दोन दिवस लागतील."

मला पटकन कळलंच नाही. मग कळलं आणि मी खाली बसलो. रडलो, लपवत नाही. "मीही येतो," म्हटलं.

"नको. तू असलास की आम्ही दोघी तुझ्याकडेच बघून बोलतो."

"आई, ते मिठाचं... मला भांडण नको होतं."

"भांडण झालं असतं तर एका जेवणात मिटलं असतं. तू अख्खा महिना अळणी खायला घातलंस."

हे मासोळीला शब्दाने कळलं नसेल; पण ती मान डोलावत होती. मग ती तिच्या भाषेत म्हणाली, सावकाश, "तुझ्या आईला माझं काहीच खटकत नाही असं तू म्हणायचास ना, तेव्हा मला वाटायचं, त्या मला पाहुणी समजतात. नावं घरच्यांनाच ठेवतात."

आईने मला विचारलं नाही, ती काय म्हणाली. मीही सांगितलं नाही. टेबलावरचे फासे गोळा केले आणि डब्यात ठेवले.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी दोघी गेल्या. निघताना आईने खुणेने विचारलं, मासोळीने खिसा चाचपून दाखवला: किल्ल्या आहेत. आईची उशी पलंगावर आहे. घर फार शांत वाटत होतं, म्हणून लवकरच कामावर गेलो.

दुपारी एका जुन्या इमारतीतून फोन. लिफ्ट अडकलेली, आत एक म्हातारे गृहस्थ. मी वरच्या खोलीत जाऊन बघितलं. मोटर गेली होती, हातानेच खाली उतरवावी लागणार. लिफ्टचा फोन उचलला. त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल हो?"

'दोन मिनिटं' जिभेवर आलंच होतं.

"पाऊण तास," मी म्हटलं. "कदाचित थोडा जास्त."

पलीकडून पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मग मी खाली बसतो."